माझ्या फॉर्मवर तू केलेली खूण

शालू,

आपण दोघांनी मिळून शेवटचं काय केलं असेल, तर वाल सोलले. गुरुवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, पंख्याखाली. मधे परात, परातीत कोमट पाणी, पाण्यात मोड आलेले वाल. तू भिंतीला टेकून आणि मी स्टुलावर, कारण माझा गुडघा वाकत नाही. तुझे चार सोलून व्हायचे तेव्हा माझा एक. वर माझे दाणे चिमटीतून उडायचे. एक उडून टीव्हीखाली गेला तेव्हा तू म्हणालीस, "अहो, सोलताय की गोट्या खेळताय?"

तेवढ्यात ती पोरगी दारात आली. मुग्धा. अंधेरीच्या कुठल्याशा कॉलेजात शिकते. खांद्याला कापडी पिशवी, हातात कागदांचा गठ्ठा. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीने तिला सांगितलं होतं म्हणे, की त्या कोपऱ्यातल्या घरात म्हातारा-म्हातारी आहेत, बोलायला बरी आहेत. तू बरी आहेस म्हणून सांगितलं असणार. मला चारकोपात कोणी बोलायला बरा म्हटलेलं नाही.

"काका, माणसं एकमेकांना किती माफ करू शकतात, ते आम्ही मोजतोय," ती म्हणाली.

मला हसूच आलं. "मोजताय? कशाने?"

"प्रश्नांनी. एक ते पाच आकडे आहेत. एक म्हणजे अजिबात नाही. पाच म्हणजे नक्की."

आता हे माझ्यासमोर बोलायचं काम नव्हतं. तीस वर्षं मी इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये काट्याच्या कारखान्यात काढली. दांडीचे तराजू आम्ही बनवायचो, नंतर नंतर नुसती दुरुस्ती. शाळा चौथीपर्यंत, पण काटा खरा की खोटा ते मी दुरून सांगायचो. मी तिला विचारलं, "तुझा काटा खरा आहे हे कशावरून?"

तुला वाटलं मी पोरीला छळतोय. तू डोळे वटारलेस. पण पोरगी हुशार. म्हणाली, "म्हणून तर पंधरा दिवसांनी परत येणार, काका. तेच प्रश्न परत विचारणार. उत्तर तेच आलं तर आमचा फॉर्म भरवशाचा."

हे मला पटलं. मी तिला आमच्या कामातलं सांगितलं. तराजू रिकामा असला की काटा मधे उभा राहतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण दांडीचा एक हात कणभर लांब असला तर ते रिकाम्या काट्यात दिसत नाही. ते कसं कळतं? एकदा मोजायचं. मग इकडचा माल तिकडच्या पारड्यात घालायचा आणि तिकडचं वजन इकडे. काटा दोन्ही वेळा मधे थांबला तर खरा. अदलाबदल केल्याशिवाय मी कुठल्याच काट्याला पास केलं नाही. शेठ ओरडायचा, वेळ घालवतोस म्हणून. ओरडू दे.

पोरीने हे लिहून घेतलं. तू म्हणालीस, "बाळा, हे लिहू नकोस. यांचं एकदा सुरू झालं की चहाची वेळ होते."

मग तिने आपल्या दोघांना एकेक फॉर्म दिला. वर नाव नाही, नुसता नंबर. अक्षर बारीक. मी म्हटलं, मला हे जमायचं नाही, डोळे पण गेलेत आणि हात पण ओले आहेत. तू पदराला हात पुसलेस आणि दोन्ही फॉर्म मांडीवर घेतलेस. "सांगा तुम्ही, मी खुणा करते."

ती वाचायची, मी सांगायचो, तू माझ्या कागदावर खूण करायचीस आणि मग तुझ्या कागदावर. पहिलाच प्रश्न असा होता की, ज्याने तुम्हाला सगळ्यात जास्त दुखावलं असा एक माणूस मनात धरा. नाव लिहू नका, नुसतं नातं लिहा.

मी म्हटलं, "भाऊ."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. माझ्या फॉर्मवर लिहिलंस, भाऊ. आणि मग तुझ्या फॉर्मवर काहीतरी लिहिलंस आणि वर हात ठेवलास.

"कोण? मी?" मी विचारलं.

"तुम्ही स्वतःला काय एवढे मोठे समजता?" तू म्हणालीस. ती पोरगी खुदकन हसली. मी पण हसलो. पण तू हात काढला नाहीस, शालू.

पुढचे दहा-बारा प्रश्न. त्या माणसाचं चांगलं व्हावं असं वाटतं का? एक. त्याची बाजू ऐकून घ्याल का? एक. तो समोरून आला तर बोलाल का? एक. शेवटचा प्रश्न, तो माणूस तुमच्या दारात आला तर घरात घ्याल का? मी म्हटलं, "एक. आणि एकाच्या खाली काही असेल तर ते लिही." तू निमूट खुणा करत होतीस. मला वाटलं, आज हिला वाद घालायचा कंटाळा आलाय.

पोरगी गेल्यावर तू तोंड उघडलंस. "त्याचं ऐकून तरी घ्यायला हवं होतं तुम्ही."

"तो विषय बंद."

"तुमचा बंद. माझा कुठे बंद झालाय? तुम्ही विषय बंद करता आणि किल्ली पण तुमच्याच खिशात."

मी टीव्हीचा आवाज वाढवला. तू वाल डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवलेस आणि म्हणालीस, "सकाळी बिरडं करते." आपलं शेवटचं भांडण ते. मी ते टीव्हीच्या आवाजात बुडवलं. आता तोच टीव्ही लावायला हात होत नाही.

सकाळी तू चहाचं आधण ठेवलंस आणि ओट्याला टेकून खाली बसलीस. आधण उकळून आटलं, भांडं जळायला लागलं, त्या वासाने मी उठलो. बाकी सगळं तुला माहीत आहे. की नाही? माणूस गेल्यावर त्याला किती कळतं? कळत नसेल असं धरून मी सगळं लिहिणार आहे. कारण त्यानंतर मी जे केलं ते तू नसताना केलं. तू असतीस तर मला करू दिलं नसतंस.

आपली मीना घाटकोपरहून रिक्षा पकडून आली. तिने येता येताच सगळ्यांना फोन केले होते. गावी विश्रामला पण. नऊ वाजता ती माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "बाबा, विश्रामकाका निघालेत. पनवेलला पोचलेत. दोन तास लागतील. थांबूया ना?"

सोसायटीतले पण म्हणाले, थांबू. घाई काय आहे?

मी म्हटलं, "कोणासाठी थांबायचं नाही. उचला."

मीना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आजीच्या वेळी त्यांनी केलं तेच तुम्ही करताय."

"हो," मी म्हटलं. "मुद्दाम."

एकोणीस वर्षं मी ते पोटात ठेवलं होतं. आई गावी वारली तेव्हा निरोप मिळाल्या मिळाल्या मी एसटीत बसलो. पनवेलच्या पुढे रस्ता अडला. उतरून मी एका दुकानातून गावच्या दुकानात फोन लावला. म्हटलं, विश्रामला सांगा, मी येतोय, थांब. मी थोरला. आईला अग्नी मी द्यायचा. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि विस्तव खाली बसला होता. विश्राम उभा राहून म्हणाला, "दादा, लोक थांबेनात..." त्याचं दुसरं वाक्य मी ऐकलंच नाही. मी म्हटलं, "आई गेली आणि आज तू पण मेलास." पाणी न पिता परतलो. त्यानंतर ना मी गाव बघितलं, ना तुला बघू दिलं.

तर तुझ्या वेळी मी हिशोब पुरा केला. निदान त्या सकाळी मला तसं वाटलं. तुला पोचवून आम्ही परत आलो तेव्हा विश्राम आपल्या दारात उभा होता. हातात पिशवी. केस पार पांढरे झालेत त्याचे, शालू. मी त्याला आधी ओळखलं नाही, मग चालण्यावरून, एक खांदा खाली करून उभा राहण्यावरून ओळखलं. तो म्हणाला, "दादा."

मी पाय धुतले आणि त्याच्या बाजूने आत गेलो. भिंतीकडे तोंड करून पडलो. तो उंबऱ्याच्या बाहेरच होता. मीनाने त्याला पाणी दिलं. त्याने विचारलेलं मला ऐकू आलं, "वयनीला कुठली साडी नेसवली होती?" मीना म्हणाली, "हिरवी, बारीक काठाची." मग तो मुलुंडला गेला, त्याच्या पोराकडे. दहाव्याला आला, बाराव्याला आला, तेराव्याला आला. घरात नाही आला. समोरच्या चौकात बाकावर बसायचा, सगळे जेवले की उठून जायचा. मी खिडकीतून बघत होतो. हे पण सांगतो, दहाव्याला मला बघून बरं वाटलं. बस म्हटलं उन्हात.

पण बाराव्याला नाही वाटलं.

आता ह्या गुरुवारचं. दुपारी पुन्हा तीच पोरगी दारात. पंधरा दिवस झाले होते ना. "काका, आले बघा सांगितल्याप्रमाणे. काकू कुठेत?" आणि मग तिला भिंतीवरचा फोटो दिसला, हार दिसला. पिशवी हातातून खालीच पडली तिच्या. रडायलाच लागली. मी म्हटलं, "रडू नकोस. काम करायला आलीस ना? कर." तीच म्हणाली, नको काका, नंतर येते. मी म्हटलं, "पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. काटा तपासायचा तर वेळेवर तपासायचा."

ती खाली बसली, तुझ्याच जागी. तिला कुठे ठाऊक. फॉर्म काढला. मी म्हटलं, "वाचू नको सगळं. मागे सांगितलं तेच लिही. सगळीकडे एक."

पोरीचा हात थांबला. "काका, मागे तुम्ही एक नव्हतं सांगितलं."

"म्हणजे?"

बोलून गेली ते चुकलं असं तिच्या तोंडावर दिसलं. मी म्हटलं, दाखव. ती म्हणाली, नियम नाही. मी म्हटलं, "फॉर्म माझा आहे की तुझ्या कॉलेजचा? मी काय सांगितलं ते मलाच बघायचंय." बराच वेळ तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. शेवटी काढून दिला.

चष्मा लावून मी एकेक ओळ बघितली. नातं, भाऊ. ते बरोबर. त्याचं चांगलं व्हावं असं वाटतं का? तू चारवर खूण केली होतीस. त्याची बाजू ऐकून घ्याल का? दोन. ते वाचून मला तुझं तोंड दिसलं. बोलाल का? तीन. आणि शेवटचा, दारात आला तर घरात घ्याल का? पाच. पेन इतकं दाबलं होतंस की कागद फाटलाय तिथे.

मी 'एक, एक' म्हणत होतो आणि तू मांडीवर कागद घेऊन मला मोजत होतीस.

आधी मला राग आला. खरं सांगतो. मेल्यावर पण तुझंच खरं. मी त्या पोरीला म्हटलं, "हे मी नाही सांगितलं. हे हिने लिहिलंय. खोटं आहे." ती म्हणाली, "मग मला हा फॉर्म बाद करावा लागेल, काका. सरांना सांगावं लागेल." मी म्हटलं, "थांब जरा."

कारण शेवटचा आकडा मला सोडेना. पाच का? बाकीचे तू विचार करून टाकले होतेस. ऐकून घेण्यात दोन, कारण मी कोणाचं ऐकत नाही. बरोबर आहे. मग दारात घेण्याचे पाच कसे?

आणि मला वाल आठवले.

शालू, मी गाढव नाही. दरवर्षी थंडी सरताना तू वालाची पिशवी आणायचीस आणि सांगायचीस, मीनाच्या तिथे घाटकोपरला एक दुकानदार आहे, त्याच्याकडचे चांगले असतात. पिशवी त्या दुकानाची असायची. वाल नाही. दुकानातल्या वालाला आपल्या शेताची लाल माती लागलेली नसते. भात काढल्यावर त्या तुकड्यात आईने वाल लावलेले मी लहानपणापासून बघितलेत. बारका, चपटा, थोडा कडू. तो दाणा मी डोळे मिटून ओळखीन. विश्राम मीनाकडे पाठवायचा, मीना तुला द्यायची, तू मला वाढायचीस. मी खायचो आणि म्हणायचो, "झकास झालंय बिरडं." तू म्हणायचीस, "दुकानदाराला सांगते."

एकोणीस वर्षं. मला माहीत होतं हे तुला माहीत होतं का? होतंच. म्हणून पाच. तुझं म्हणणं असणार, ज्याच्या शेतातलं हा माणूस इतकी वर्षं ताटात घेतोय, त्याला दारात कसा अडवील?

तुझं मोजमाप चुकलं ना गं. तू गेलीस त्याच दिवशी मी त्याला दारात अडवला.

मी त्या पोरीसमोर बसून तेव्हा ते केलं जे आयुष्यभर कारखान्यात केलं आणि घरात कधी नाही केलं. अदलाबदल. त्याने मला दोन तास दिले नाहीत, मी त्याला दोन तास दिले नाहीत. मला वाटलं होतं, झालं, काटा मधे आला. पण आता इकडचं तिकडे घालून बघितलं. त्याच्या जागी मी. मे महिना, आईचा देह सकाळपासून अंगणात, बर्फ कुठला गावात, माणसं म्हणतायत अंधार पडेल, थोरला कधी पोचेल ते कोणाला माहीत नाही. मी थांबलो असतो का? नसतो थांबलो. आणि माझ्या जागी तो. सकाळचे नऊ, भाऊ पनवेलला पोचल्याचा फोन आलाय, सगळे म्हणतायत थांबूया. तो थांबला असता का? थांबला असता. शालू, विश्राम थांबला असता. काटा मधे नाही राहिला. माझीच दांडी एका बाजूला लांब होती, आणि तिच्यावर मी एकोणीस वर्षं मोजत बसलो.

आणि अजून एक. मी मारलं त्याला, पण लागलं तुला. तो अकरा वर्षांचा असताना आपल्याकडे शाळेला आला. तू नवी नवरी. त्याच्या डोक्यातल्या उवा तू काढल्यास, त्याला ताप आला की रात्र रात्र बसलीस, नापास झाला तेव्हा माझ्या पट्ट्यासमोर तू उभी राहिलीस. 'वयनी' म्हणायचा, पण तुझं पहिलं पोर तोच. त्याच्या हातचं पाणी तुला मिळालं नाही, ते माझ्यामुळे. आणि त्याआधीची सगळी वर्षं पण माझ्यामुळेच. तू एकदा म्हणाली होतीस, "मला फक्त एकदा त्याचं घर बघायचंय, माजघरात लादी घातलीय म्हणे." मी म्हटलं होतं, लादी इथे पण आहे, बघ.

मी पोरीला विचारलं, "हिच्या फॉर्मवर कोणतं नातं लिहिलंय?"

"ते नाही सांगू शकत, काका."

"ती गेली आता."

"तरी नाही," ती म्हणाली. मला ती आवडली. मी पुन्हा विचारलं नाही. तुझ्या हाताखाली काय होतं ते मला कळणार नाही. पण 'नवरा' असेल तर मला नवल नाही. आणि त्याच्यापुढे तू कोणत्या आकड्यांवर खुणा केल्यास ते विचारायची माझी हिंमत पण नाही.

"तुझ्या फॉर्मात एक कमी आहे," मी तिला म्हटलं. "माफ कराल का, कराल का, एवढंच विचारतेस. माफी मागाल का, ते कुठेच नाही."

"काका, त्याचा वेगळा फॉर्म असतो."

"तो आण कधीतरी. आज हा भरू."

ती वाचत गेली, मी नीट ऐकून सांगत गेलो. या वेळी एक-एक नाही म्हटलं. शेवटच्या प्रश्नाला आलो तेव्हा मी म्हटलं, "हा सोड."

"रिकामा सोडता येत नाही, काका. मग सगळाच बाद होतो."

"रिकामा नाही सोडत. उद्या भरतो. मोजल्याशिवाय आकडा सांगणारा मी नाही. फॉर्म इथे ठेव, शनिवारी घेऊन जा."

तिने ठेवला. जाताना तुझ्या फोटोला नमस्कार केला आणि मला म्हणाली, "काका, जेवता ना?" तू विचारल्यासारखं.

दिवेलागणीला मीनाचा फोन आला. सहज बोलता बोलता म्हणाली, विश्रामकाका उद्या साडेनवाच्या गाडीने गावी जातायत, मुलुंड चेकनाक्यावरून. मी म्हटलं, त्याचा नंबर दे. "कोणाचा?" तिने दोनदा विचारलं.

नंबर लावला. तिकडून "हॅलो". मी म्हटलं, "विश्राम, दादा बोलतोय."

तिकडे कोणीतरी टीव्ही बंद केला. मी म्हटलं,

"मी उद्या सकाळी येतोय. थांब."

बोललो आणि मग माझ्या लक्षात आलं की हेच मी पनवेलच्या पुढून त्या दुकानातून म्हटलं होतं. त्याच्या पण लक्षात आलं असणार. तो म्हणाला, "थांबतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला उठलो. चहा केला, तुझं ते जळकं भांडं अजून घासून निघत नाही, त्यातच केला. फ्रिज उघडून बघितला. तू सोललेले वाल नव्हते. मीनाने आंबले म्हणून मागच्याच आठवड्यात टाकले होते. डब्यात सुके थोडे उरले होते, ते मी पाण्यात घातले. सातला बाहेर पडलो. बस बदलत बदलत गेलो आणि लिंक रोडला सगळं ठप्प. गुडघा दुखायला लागला म्हणून एका पोरीने जागा दिली, मी बसलो नाही. बसवत नव्हतं. साडेनऊ झाले. दहा झाले. मी मनात म्हणत होतो, गेला तर त्याचा हक्क आहे.

चेकनाक्याला उतरलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. बसस्टॉपच्या मागे, झाडाखाली, पिशवीवर तो बसला होता. एक खांदा खाली.

"गाडी गेली?" मी विचारलं.

"गेली."

मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसलो असतो तर राहून गेलं असतं. "तू पनवेलला आलास ते मला माहीत होतं. मी मुद्दाम थांबलो नाही. तुला वयनीला शेवटचं बघू दिलं नाही. मी वाईट वागलो, विश्राम. माफ कर."

तो रस्त्याकडे बघत होता. "माझं म्हणशील तर बघू," तो म्हणाला. "वयनीच्या वाटचं मला नाही बोलता येत, दादा. मला वेळ लागेल."

"लागू दे. मला एकोणीस वर्षं लागली."

"तू पहिल्यापासून मठ्ठ," तो म्हणाला. आणि मग तोंडावर पालथा हात धरून रडला, अकरा वर्षांचा होता तेव्हा रडायचा तसा.

मी त्याची पिशवी उचलली. गच्च भरलेली होती, मला पेलेना. त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि माझ्या मागून चालायला लागला. बसमध्ये तिकिटं त्यानेच काढली. आपल्या दाराशी मी कुलूप काढलं, बाजूला झालो आणि म्हटलं, "आधी तू जा."

तो उंबऱ्यावर थांबला, चपला काढल्या, आत गेला. तुझ्या फोटोसमोर खाली बसला. तांब्यातलं पाणी घेतलं आणि फोटोपुढच्या फुलपात्रात ओतलं. मी बाहेरच उभा राहिलो थोडा वेळ. ते तुमचं दोघांचं होतं.

मग मी आत आलो. फॉर्म टीव्हीवर ठेवला होता, तो घेतला. पेन शोधलं. शेवटचा प्रश्न माझा मीच वाचला, अक्षर अक्षर लावून, आणि माझ्या हाताने खूण केली. तू केली होतीस तिथेच. दोन्ही वेळा तोच आकडा आला, शालू. कागद या वेळी पण फाटला.